जुन्या मालमोटारीचा मूळ रंग

जुनी वस्तु टाकून देणें सोपें आहे, ती नवीसारखी करून मिरविणें त्याहूनही सोपें आहे. परंतु जुनी वस्तु जुनीच ठेवून टिकविणें हें फार थोड्यांस साधतें. शेतकऱ्याच्या घरच्या जुन्या वस्तूंपैकीं नांगर, तिफण, मोट, दमणी यांजविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. मोट विहिरीवरून उतरली आणि दमणीचीं चाकें दिवाणखान्याच्या शोभेस लागलीं, तेव्हां त्यांची आठवण सर्वांस झाली. त्यांच्यामागून आलेली व आतां त्यांच्याच वाटेनें निघालेली आणखी एक वस्तु आहे. ती म्हणजे मालमोटार. बोलतांना आपण तिला ट्रक म्हणतों. ती चालेनाशी झाली म्हणजे एक तर भंगारांत जाते, नाहीं तर हौसेखातर नवा रंग लावून दारापुढें उभी केली जाते. या दोहोंखेरीज तिसरी एक वाट आहे, आणि ती शेतकऱ्यानें धरावी, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मालमोटारीच्या रंगाचा आणि शेतीचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध असा कीं, वऱ्हाडांतल्या कापसाचा शेतापासून जिनापर्यंतचा रस्ता एका पिढीनें बैलगाडीनें व पुढच्या पिढीनें मालमोटारीनें काटला. ज्या घरानें चांगल्या पिकांची शिल्लक घालून अशी गाडी घेतली, त्या घराच्या इतिहासांत त्या गाडीला विहिरीइतकेंच स्थान आहे. मेहकर व आसपासच्या तालुक्यांत आजही कोठें वाड्याच्या भिंतीशीं, कोठें खळ्याच्या कडेला निंबाखालीं अशी एखादी गाडी उभी दिसते. चाकें बसलेलीं, कांचा फुटलेल्या. पण दारावरचीं अक्षरें अजून वाचतां येतात. दसरा जवळ आला कीं घरांतील तरुण मंडळींच्या मनांत येतें, यंदा हिला रंग देऊं. हेतु चांगलाच असतो. पण त्या एका दिवसांत जें पुसलें जातें, तें पुन्हां कोणत्याही पेंटरास लिहितां येत नाहीं.

प्रथम ‘मूळ रंग’ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत मालमोटार कारखान्यांतून बहुधा पुरी होऊन येत नसे. कारखाना सांगाडा, यंत्र आणि फार तर पुढचें तोंड देई. केबिन व मागचा हौदा सुतार-लोहार बांधीत, आणि रंग पेंटर आपल्या हातानें देई. म्हणून विलायती मोटारीचा मूळ रंग हा कारखान्याचा असतो, तर आपल्या मालमोटारीचा मूळ रंग हा बव्हंशीं आपल्याच कारागिरांचा असतो. कमळ, मोर, गाय-वासरूं, कुलदैवताचें नांव, घरांतल्या मुलांचीं नांवें, फाळक्यावरचा उपदेश, हें सर्व कुंचल्यानें काढलेलें असे. ते पेंटर बहुतेक गेले. त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहींत. आतां अक्षरें यंत्रानें कापलेल्या चिकट पट्टीचीं असतात. त्या जुन्या हातांचा पुरावा राहिला असेल, तर तो या उभ्या गाड्यांच्या दारांवर व फाळक्यांवरच राहिला आहे.

अशा गाडीचें वय व घराणें डोळसपणें पाहणारास वाचतां येतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून डॉज व फार्गो या नांवांच्या मालमोटारी निघत. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यानें १९५४ सालीं जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून मालमोटारी काढण्यास आरंभ केला, व तो करार १९६९ सालीं संपला. म्हणून ज्या टाटा गाडीच्या नाकावर तीन टोकांची चांदणी मुळापासून आहे, ती त्या पंधरा वर्षांतली समजण्यास हरकत नाहीं. यानंतर दाराकडे पाहावें. मालकाचें नांव-गांव, रिकाम्या गाडीचें वजन, भरलेल्या गाडीचें वजन, हें सर्व मालवाहू गाडीवर रंगानें लिहिलेलें असे. १९५० सालीं घेतलेली गाडी बुलढाणा जिल्ह्याची शीव एकदांही न ओलांडतां तीन राज्यांत राहिली: १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत, पुढें द्वैभाषिक मुंबई राज्यांत, आणि १९६० च्या १ मे पासून महाराष्ट्रांत. अशा एखाद्या गाडीच्या पाटीवर नव्या अक्षरांखालीं जुन्या अक्षरांची पुसट रेघ दिसली, तर ती नुसत्या रंगाची रेघ नव्हे. ती आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाची रेघ आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. त्या दप्तराचा पहिला नियम असा कीं, जुनी नोंद खरडून काढावयाची नाहीं. नांव कमी झालें तर त्यास कंस करावा, नवें नांव खालीं लिहावें, फेरफाराचा क्रमांक द्यावा. पण जुनें नांव वाचतां आलेंच पाहिजे. मूळ कागद जीर्ण झाला, कडा झडल्या, शाई फिकी पडली, तरी त्याची जी किंमत आहे ती सुवाच्य अक्षरांत काढलेल्या नकलेस येत नाहीं. वाद पडला म्हणजे मूळ कागदच मागवितात. मालमोटारीचें दार हा त्या गाडीचा सातबारा आहे. त्यावर चकचकीत रंग फासणें म्हणजे सातबारा चुन्यानें सारवून त्यावर सुंदर फूल काढण्यासारखें आहे.

आतां रंग जुना कसा होतो तें पाहूं. कारण रोग कोणता व म्हातारपण कोणतें हें कळल्यावांचून उपाय सुचत नाहीं. रंग म्हणजे दोन पदार्थांचा मेळ. एक रंगाची बारीक पूड, आणि दुसरें ती पूड धरून ठेवणारें तेल किंवा राळ. उन्हांतील डोळ्यांस न दिसणारे किरण राळेचा नाश करितात. राळ गेली कीं पूड मोकळी पडते आणि बोट फिरविलें असतां खडूप्रमाणें बोटास लागते. कांहीं तांबडे रंग उडून गुलाबी पडतात. दाराच्या कडेला, मुठीजवळ, जेथें चालकाचा कोपर वर्षानुवर्षें टेकला तेथें, वरचा रंग झिजून खालचें अस्तर दिसूं लागतें. हें सर्व म्हातारपण आहे. रोग निराळा; तो म्हणजे गंज. गव्हावर तांबेरा पडला म्हणजे तो जसा एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, तसा गंज रंगाच्या पोटांतून पसरतो व रंगाचे पोपडे उचलतो. रोगावर औषध करावें. म्हातारपणावर करूं नये. केंस पांढरे झाले म्हणून कोणी वडिलांस वैद्याकडे नेत नाहीं.

आणि हा रोग बहुधा बाहेरून येत नाहीं. दाराच्या खालच्या कडेंत, केबिनच्या तळाशीं, टपाच्या सांध्यांत माती, भुसा व सरकी सांचते. ती पावसाळ्यांत ओली राहते आणि पत्रा आंतून कुजतो. बाहेरचा रंग बिचारा शेवटपर्यंत टिकून असतो आणि मग एके दिवशीं पत्र्यासकट गळून पडतो. म्हणून मूळ रंग राखण्याचा पहिला उपाय रंगावर करावयाचा नसून रंगाच्या पाठीमागें करावयाचा आहे.

याउलट आपल्याकडे जे उपाय चालू आहेत ते बहुतेक घातक आहेत. पहिला, पॉलिशपेपरनें घांसणें. त्याविषयीं अधिक सांगणें नको, कारण घांसलेलें परत येत नाहीं. दुसरा, डिझेल किंवा जळकें ऑइल फडक्यानें पुसणें. त्यानें घटकाभर तकाकी येते, पण जुना रंग मऊ पडतो, धूळ चिकटते आणि ती धूळच पुढें पॉलिशपेपरचें काम करिते. तिसरा उपाय जवसाच्या तेलाचा. जवस हें वऱ्हाडचें जुनें पीक, आणि बैलगाडीच्या कोऱ्या लांकडास जवसाचें तेल पाजण्याची चाल योग्यच होती. त्यावरून कोणी समजतो कीं, तेंच तेल रंगासही चालेल. खडू झालेल्या रंगावर हें तेल चोळलें कीं पहिल्या दिवशीं जादू झाल्यासारखें वाटतें. फिका निळा गडद होतो, अक्षरें उठून दिसतात. परंतु जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें व घट्ट होतें, धूळ आपल्या पोटांत धरतें आणि हळूहळू पिवळें, मग तपकिरी पडतें. तोंपर्यंत तेल व जुना रंग एकजीव झालेले असतात. तेल काढूं जावें तर रंग निघतो. अशी एक गाडी आमच्या पाहण्यांत आहे. तिचें निळें दार दोन पावसाळ्यांनंतर गुळाच्या काकवीसारखें झालें आणि ज्या नांवासाठीं हा खटाटोप केला तें नांवच दिसेनासें झालें. चौथा उपाय अलीकडचा, म्हणजे वरून पारदर्शक वार्निश मारणें. खडू झालेल्या भिंतीवर जसा चुना धरत नाहीं, तसें तें वार्निश सुट्या पुडीवर नीट धरत नाहीं. तें फुगतें, त्याच्या खालीं ओल शिरते, आणि निघतांना जुना रंग आपल्याबरोबर घेऊन निघतें.

वार्निशाचा हा दोष मालमोटारीपुरता आहे असें कोणी समजूं नये. याचें फार मोठें उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या शेजारींच आहे. अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं शिकारीस गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस पडलीं, त्यापूर्वीं कित्येक शतकें तेथील चित्रें अंधारांत आपल्या आपण टिकलीं होतीं. पुढें १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनीं व १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं त्यांच्या नकला उतरविल्या. चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून त्यांवर वार्निश फिरविलें गेलें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या दोन तज्ज्ञांस मुद्दाम आणविलें. त्यांनीं सुटणारा गिलावा जागच्या जागीं बसविला, तें काम उपकारकच झालें. परंतु रंग पक्का व्हावा म्हणून त्यांनीं चित्रांवर लाखेचा लेप दिला. लाख म्हणजे पळस-बोरीवर किडे करितात तीच. ती लाख कालांतरानें पिवळी व मग तपकिरी पडली, तिनें धूळ व काजळी धरली, आणि मूळचे निळे-हिरवे रंग तिच्याखालीं झांकून गेले. हीं लेणीं केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आल्यावर त्या खात्याच्या रसायनज्ञांस तो लेप इंच-इंच करून काढण्यांत पुढें अनेक दशकें घालवावीं लागलीं. गिल, ग्रिफिथ्स व ते इटालियन गृहस्थ यांपैकीं कोणीही अडाणी नव्हता किंवा कोणाचाही हेतु वाईट नव्हता. चांगला हेतु, पैसा व कौशल्य हीं तिन्ही असूनही हानि झाली, ती एका गोष्टीमुळें: जें लाविलें तें पुन्हां सुखरूप काढतां येईल कीं नाहीं, याचा विचार राहिला.

यावरून एकच नियम निघतो, आणि तो वाचकांनीं ध्यानांत ठेवला तर बाकीचा लेख विसरला तरी चालेल. जुन्या रंगावर असें कांहींही लावूं नये कीं जें उद्यां त्या रंगास धक्का न लावतां काढतां येणार नाहीं. जगांतील जुन्या मोटारींच्या संस्थांच्या महासंघानें २०१२ सालीं जी ट्यूरिनची सनद मंजूर केली, तिचाही रोख हाच आहे: नवें रूप देण्यापेक्षां आहे तें राखणें श्रेष्ठ, आणि हात लावावा तो कमींत कमी. वयाचे डाग हे वस्तूच्या इतिहासाचाच भाग होत.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें क्रमानें सांगतों. यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाहीं.

प्रथम गाडीचीं छायाचित्रें काढावींत. चारी बाजू, दोन्ही दारें, फाळका, टप, आंतील पाटी, प्रत्येक अक्षर जवळून. आज प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनियंत्र व त्यांतच छायाचित्रयंत्र आहे, तेव्हां ही सबब चालणार नाहीं. दारावरचा मजकूर कागदावर जसाच्या तसा, अशुद्ध असेल तर अशुद्धच, उतरून घ्यावा, आणि घरांतील वडील माणसांस विचारून गाडी कोणत्या सालीं घेतली, कोणी चालविली, पेंटर कोठला, हें त्याखालीं लिहावें. रंग गेला तरी ही नोंद राहील.

दुसरें, छप्पर. गाडीवर पत्र्याचें किंवा कवलांचें छप्पर असावें व बाजू मोकळ्या असाव्यात. ताडपत्री किंवा प्लास्टिक गाडीच्या अंगास घट्ट बांधूं नये. आंत ओल कोंडते आणि वारा सुटला कीं ताडपत्री रंगावर घांसत राहते. चाकांखालीं दगड किंवा फरशी द्यावी, गाडी मातीवर व गवतावर उभी राहूं देऊं नये. बॅटरी काढून टाकावी, रेडिएटरमधलें पाणी सोडावें. दारांच्या खालच्या कडेस पाणी जाण्याचीं छिद्रें असतात, तीं काडीनें मोकळीं करावींत व सांध्यांतील माती-भुसा कोरड्या कुंचल्यानें काढावा. उंदीर व वाळवी यांजकडे लक्ष असावें, कारण हौद्याची लांकडें व त्यांवरील रंग एकदमच जातात. सर्वांत मोठी चूक म्हणजे उभ्या गाडीची कोठी करणें. हौद्यांत युरिया किंवा दुसऱ्या खतांचीं पोतीं रचलीं कीं खत हवेंतील ओल ओढतें आणि तो क्षार पत्रा खातो. गोठ्यांतील मूत्राची वाफही तशीच घातक आहे.

तिसरें, धुणें. पाण्याचा जोराचा फवारा कधींही मारूं नये. आधीं मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. मग एखाद्या लपलेल्या कोपऱ्यांत ओला कापूस हलकेच टेकवून पाहावा. कापसास रंग भरभरून लागला, तर धुण्याचा विचारच सोडावा व कोरड्या झाडण्यावर समाधान मानावें. रंग धरून असेल, तर बादलीभर पाण्यांत सौम्य साबणाचे चार थेंब टाकून सुती फडक्यानें, न घांसतां, सावलींत पुसावें. धुण्याचा सोडा व कपड्यांची पूड वर्ज्य. आपल्याकडचें बोअरचें पाणी जड. तें वाळलें कीं पांढरे डाग सोडतें. म्हणून शेवटचें पाणी पावसाचें सांठविलेलें घ्यावें व लगेच कोरड्या कापडानें टिपावें. अक्षरें सर्वांत वर व सर्वांत पातळ असतात. त्यांवर हात सर्वांत हलका असावा. थिनर तर गाडीच्या जवळही आणूं नये, कारण कित्येक जुने रंग त्यांत साखरेप्रमाणें विरघळतात.

चौथें, मेण. रंग बराच धरून असेल व खडू थोडा निघत असेल, तर मोटारीचें साधें मेण अगदीं पातळ लावून मऊ कापडानें पुसावें. मात्र ज्यांत घांसण्याची पूड मिसळली आहे असें पॉलिश नसावें. हेंही आधीं कोपऱ्यांत लावून आठ दिवस पाहावें. मेण पाणी अडवितें आणि पुढें टर्पेंटाइनसारख्या सौम्य द्रवानें बऱ्याच अंशीं काढतां येतें, हा त्याचा गुण. खडू फार निघत असेल तर मेणही लावूं नये, कारण तें सुट्या पुडींत मुरतें व मग काढतां येत नाहीं. उघड्या पत्र्यावरील सुटा गंज बारीक कुंचल्यानें झाडून तेवढ्याच जागेवर मेण टिपावें. गंज खाणारें तेजाब आणूं नये; तें ओघळतें आणि ओघळेल तेथवर रंग नेतें.

पांचवें, पूजा. दसऱ्यास गाडीची पूजा अवश्य करावी. पण ओलें हळद-कुंकू व तेलांत कालविलेला शेंदूर रंगावर न लावतां कांचेवर किंवा चाकावर लावावा, आणि नारळ बंपरवर न फोडतां पुढें दगडावर फोडावा. याप्रमाणें देवही तृप्त होईल आणि दारही राहील.

येथें एक धोक्याची सूचना दिली पाहिजे, आणि ती रंगापेक्षां माणसांच्या व जनावरांच्या जिवाशीं संबंध ठेवणारी आहे. शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म. लोखंडास गंज चढूं नये म्हणून जुन्या काळीं रंगाखालीं शेंदराचें अस्तर देत, आणि जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांतही शिसें असे. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. पण त्यापूर्वींचे रंग, आणि घरगुती नसलेले रंग, या नियमांत येत नाहींत. असा जुना रंग कोरडा घांसला म्हणजे त्याची धूळ श्वासावाटे व हातावाटे पोटांत जाते. लहान मुलांच्या मेंदूस शिसें फार बाधतें. गुरांस तर जुना रंग चाटण्याची खोड असते, व रंगाचे पोपडे किंवा फुटकी बॅटरी चाटून गुरें दगावतात हें पशुवैद्यांस चांगलें ठाऊक आहे. म्हणून जुन्या गाडीला गुरें बांधूं नयेत, गळलेले पोपडे वेंचून डब्यांत बंद ठेवावेत, आणि गाडी झाडतांना तोंडास ओलें फडकें बांधून मुलांस दूर ठेवावें. पाहा, ज्या घांसण्यानें दारावरचें नांव जातें, त्याच घांसण्यानें घरांतलें मूल आजारी पडूं शकतें. न घांसण्याचा सल्ला दोन्ही अंगांनीं हिताचा आहे.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, रंग हा लोखंडाचें रक्षण करण्यासाठींच असतो, मग तो देऊं नये हें कसें? उत्तर सोपें आहे. जी गाडी रस्त्यावर चालते, माल वाहते, तिला खुशाल रंग द्यावा. पासिंगच्या वेळीं रंग देण्याचा प्रघात आहे तो यासाठींच, आणि त्याच प्रघातामुळें मूळ रंगाची चालती गाडी आज दुर्मिळ झाली आहे. आमचें म्हणणें फक्त उभ्या गाडीपुरतें आहे. तिला पावसापासून छप्पर राखील. रंगाची गरज नाहीं.

दुसरा आक्षेप मानाचा. दारांत विटकी गाडी उभी राहिली तर पाहुणे काय म्हणतील? आम्ही विचारतों, आजोबांचें विटकें पागोटें खुंटीवर असतें, त्यास कोणी नवा रंग देतो काय? ज्या विटक्या दारावर पन्नास वर्षांपूर्वींच्या पेंटरचा हात आहे, तें दार पाहुण्यांस दाखवून त्याची कथा सांगणें यांतच खरा मान आहे. चकचकीत गाडी कोणीही पैसे देऊन करवून घेऊं शकतो. विटकी गाडी ज्याच्या घरीं उभी राहिली त्याच्याच घरीं असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. भंगारवाला रोख पैसे मोजतो, आणि नापिकीच्या वर्षीं ते पैसे कोणास नको असतात? ज्यास अडचण आहे त्यास आम्ही उपदेश करणार नाहीं. पण त्यानेंही गाडी देण्यापूर्वीं छायाचित्रें काढावींत, आणि शक्य असेल तर एक दार व फाळका उतरवून घरीं ठेवावा. पुष्कळांस ही गोष्ट सुचत नाहीं. सबंध वाडा राखतां आला नाहीं तरी त्याची कोरीव चौकट राखणारीं शहाणीं घराणीं आपण पाहिलीं आहेत.

येथें सरकारी नियमाची बाजूही सांगितली पाहिजे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या मोटारींसाठीं खास नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत असलेल्या गाड्यांस त्यांनुसार निराळी नोंद व निराळा नंबर मिळतो. परंतु ही सवलत खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांपुरती आहे. धंद्याच्या म्हणून नोंदलेल्या मालमोटारीस तींत जागा नाहीं. त्याच वर्षींच्या १३ ऑगस्टला जुन्या गाड्या मोडींत काढण्याचें धोरणही सुरू झालें. म्हणजे श्रीमंताची जुनी मोटार ही वारसा, आणि शेतकऱ्याची जुनी मालमोटार हें भंगार, असा भेद कायद्यानें झाला आहे. ज्या गाडीनें राजेरजवाड्यांस शिकारीस नेलें तिचें रक्षण व्हावें, यांत आम्हांस विषाद नाहीं. पण ज्या गाडीनें गांवचा कापूस जिनांत व गांवचें धान्य बाजारांत नेलें, तिचा हक्क त्याहून कमी कां? चालविण्याची परवानगी नको. उभी ठेवण्यासाठीं वारसा म्हणून नोंद व्हावी, एवढीच मागणी आहे. ही मागणी एकट्या शेतकऱ्यानें केली तर ती फायलींत पडून राहील, हें आम्ही अनुभवानें सांगतों. संस्थेच्या ठरावानें ती केली तर तिला उत्तर द्यावें लागेल.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, संस्थेनें आपल्या सभासदांकडील उभ्या मालमोटारींची एक नोंदवही उघडावी. तींत गांव, मालक, गाडीचा कारखाना व साल, दारावरील मजकूर, रंगाची स्थिति, एवढे रकाने पुरेत. सोबत छायाचित्रें जोडावींत. वर्षांतून एकदां, दसऱ्यापूर्वीं, ती नोंद ताजी करावी. अशा नोंदवहीस कांहीं रुपयांचा कागद लागेल, याहून अधिक कांहीं नाहीं. दुसरी, वर सांगितलेल्या नियमांत मालमोटारीचा समावेश व्हावा म्हणून संस्थेनें ठराव करून तो जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींमार्फत केंद्राच्या परिवहन मंत्रालयाकडे धाडावा.

मेहकरकरांस जुन्या वस्तूची किंमत शिकविण्याची वास्तविक गरज नाहीं. १८८८ सालीं येथील जमिनींतून शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ति निघाली, ती गांवानें गांवांतच ठेवली, आणि आज दूरदूरचे लोक ती पाहण्यास येतात. मूर्तीची व मालमोटारीची बरोबरी आम्ही करीत नाहीं. पण जें आपल्या मातींतलें आहे तें आपल्या मातींत राखण्याची बुद्धि एकच असते. यंदाच्या दसऱ्यास ज्यांच्या दारीं अशी गाडी असेल, त्यांनीं पेंटरास बोलावण्यापूर्वीं एकदां तिच्या दारावरचीं अक्षरें सावकाश वाचावींत, आणि मग काय करावयाचें तें ठरवावें. सुज्ञांस अधिक काय लिहावें?